बाबांच्या पानातली बिअर

शॉमबर्ग, अमेरिका, १० ऑक्टोबर १९८६

ती. आई,

नमस्कार करते, पण कान पकडणार नाही.

पितृपक्षात मी बिअर प्यायले, हे इथल्या कांचनकाकूंनी कळवलंच असेल. खरं आहे. इथल्या जर्मन क्लबाच्या ऑक्टोबरफेस्टला मी आणि तुझ्या जावयाने, गिरीशने, मोठाले मग रिचवले. तांबूस बिअर, भाजलेल्या पावासारखी खमंग. मजा आली!

तुझे गुडघे कसे आहेत? रागावलीस तरी गोळ्या घे.

सर्वपित्रीला बाबांचं पान वाढलं, तेव्हा खिरीशेजारी त्याच बिअरचा ग्लास ठेवला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं, हे तूच शिकवलंस. काकू म्हणाल्या, “निदान झाकून तरी ठेव गं!”

नाही झाकला. जन्मभर मोरीचं दार लावूनच प्यायले ना बिचारे?

तुझी हट्टी,
उत्तरा