ओट्यावरचा बल्ब शेवटी

सोमवार, ३ फेब्रुवारी
ही भावाकडे गेली त्याला आठवडा होत आला. विश्रांतीसाठी गेली आहे. दोन्ही मोठ्या बॅगा नेल्या, पण ही पहिल्यापासूनच कपडे जास्त घेते.

निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावरच्या बल्बवरून जरा बोलणं झालं होतं. तो गेल्याला काही महिने झाले असतील. मोबाइलचा टॉर्च साखरेच्या डब्याला टेकवून ही भाजी चिरायची. आता माणसाने मागून मागून मागायचं काय, तर एक बल्ब! मी ठरवलंय, घरातले सगळेच जुने दिवे काढायचे आणि नवे चपटे, गोल बसवायचे. ही परत येईल तेव्हा दारातच थक्क होईल. आधी हॉल, मग बेडरूम, मग पॅसेज. ओट्यावरचा बल्ब शेवटी. ते दोन मिनिटांचं काम.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
दिवे आणले. टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी आणली. वायरिंगचे व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगतात, सोपं आहे. काम अर्धं झाल्यासारखंच वाटलं, म्हणून दुपारी झोपलो.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळी
मेन बंद केला. हॉलमधला जुना दिवा उतरवला. आत वायरींचा हा गुंता! लाल सगळ्या एकत्र होत्या, ते ठीक. काळ्याही एकत्र, पण त्यातली एक मात्र वेगळी काढून होल्डरच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी उभा जन्म ऑफिसात फायली लावल्या. लाल लालमध्ये, काळी काळीमध्ये. एक फाइल कधी इकडची तिकडे झाली नाही. ती एकटी काळी वायर तिच्या घरच्यांत नेऊन बसवली. सोडवायच्या आधी फोटो काढला होता, व्हिडिओत सांगतात तसा. त्यात माझा अंगठा आलाय.

दुपारी
मेन चालू केला. दिवा लागला! बटण न दाबताच लागला. मग बटण दाबलं, तर फाट्‌कन आवाज झाला आणि मेन पडला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
निष्कर्ष: बटण जुनं. नवं बटण बसवलं. फाट्. दुकानदाराकडून बदलून आणलं. फाट्. म्हणजे त्याचा सगळा मालच खराब. बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. न दाबता दिवा लागतो आहे तर दाबायचं कशाला?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
आवाज कसले येतात ते बघायला वरच्या मजल्यावरचे काका आले. स्टुलावर चढायला निघाले होते, मी चढू दिलं नाही. खालूनच म्हणाले की ती वेगळी काळी वायर बटणाकडून येत असणार. दिसायला काळी, पण बटण दाबलं की तिच्यातून करंट येतो. ती बाकीच्या काळ्यांत घातली की शॉर्ट होणारच. आता काळी वायर लालचं काम करते म्हणे! अशाने जगात कुणावर विश्वास ठेवायचा? वायरमन बोलवा म्हणाले. ही हेच म्हणायची. मी काकांना चहाचं विचारलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
बेडरूम झाली. पद्धत तीच, रंगाला रंग. तिथलाही दिवा आता आपोआप लागतो आणि लागलेलाच राहतो. झोपायचं तर मेन बंद करावा लागतो. मेन बंद केला की फ्रिज बंद. दूध नासलं. एका अर्थी ही इथे नाही तेच बरं. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की जेवणावरून उठून बंद करून येते. इथे तिचं जेवणच झालं नसतं.

रविवार, ९ फेब्रुवारी
डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलो. फ्रिज वाचला.

मुलीचा फोन आला. आई पुढच्या रविवारी येते आहे म्हणाली. मला इतका आनंद झाला की स्टुलावरून पडता पडता राहिलो. ती पुढे म्हणत होती, की बाबा, पण तुम्ही असं समजू नका की... तेवढ्यात मी तिला सांगितलं, दारावर कुणीतरी आलंय. कुणी आलं नव्हतं. पण अर्धं काम हातात असताना किती बोलत बसायचं? आठवड्यात घर लखलखीत करायचंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी
पॅसेजही झाला. तीन दिवे, तिन्ही कायम चालू. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे काही कार्यक्रम आहे का. हो म्हणालो.

संध्याकाळी अंडी उकडायची होती. ओट्यापाशी काही दिसेना, म्हणून टॉर्च साखरेच्या डब्याला टेकवला. मोबाइल सारखा घसरतो. दोनदा पाण्यात पडता पडता वाचला. ही रोज कसं जमवायची कोण जाणे.

शनिवार, १५ फेब्रुवारी
आज हॉलचं पुन्हा उघडलं. काकांचं ऐकून नव्हे, सहज. ती एकटी काळी वायर शोधत होतो, पण आता सगळ्या काळ्या सारख्याच दिसतात. एक बाहेर काढून पाहिली, दिवाच लागेना. दुसरी काढून बटण दाबलं, फाट्. तिसरीला हात लावायचा धीर झाला नाही. होतं तसं जोडून ठेवलं, बटणावर चिकटपट्टी परत लावली. खरं सांगायचं तर भीती वाटते आहे. विजेची नाही.

उभ्या उभ्याच ब्रेड खाल्ला. ओट्यावरचा बल्ब आणायचा राहिला. उद्या सकाळी पहिलं काम ते.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी
सकाळी घर आवरण्यात वेळ गेला.

ही दुपारी आली. मेहुणा दाराशीच थांबला. भर उन्हात हॉल, पॅसेज, बेडरूम, सगळीकडे दिवे. ही दारातच थक्क झाली, मी म्हटलं होतं तशी. मग सवयीने हात बटणाकडे गेला. चिकटपट्टी पाहिली, काढली, आणि मी नको म्हणेपर्यंत बटण दाबलंसुद्धा. फाट्. तिने बटण परत वर केलं आणि मेन स्वतःच चढवला. दुकानदाराचा माल कसा खराब आहे ते मी सविस्तर सांगितलं.

कपाटातले उरलेले कपडे घेतले. शिलाईचं मशीन मेहुण्याने खाली नेलं. मशीनचा पट्टा तुटायला आलाच होता, दुरुस्तीला नेत असतील.

मग ही स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो, बल्ब आजच आणणार होतो म्हणालो. तिने पर्समधून एक बल्ब काढला. माझ्याच स्टुलावर चढली, जुना काढला, नवा बसवला. बटण दाबलं, लागला. पुन्हा दाबलं, विझला. पुन्हा लावला. अख्ख्या घरात असा हा एकच.

“हा एवढाच सांगितला होता,” ही म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ओटा पुसला, साखरेचा डबा जागेवर सरकवला. मला बरंच काही बोलायचं होतं. मी म्हणालो, पॅसेजचं दोन दिवसांत मार्गी लागेल. तिने मान हलवली.

निघताना स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या बटणाकडे हात गेला आणि ओट्यावरचा दिवा तिने बंद केला. सवयच आहे तिची, रिकाम्या खोलीत दिवा जळता ठेवत नाही.

मी ओट्यापाशीच उभा होतो.