शर्यतीत उभ्या राहिलेल्या मोटरसायकली

चिरंजीव भावजी यांस वहिनीचा भरभरून आशीर्वाद. (तुम्ही सत्तरी ओलांडलीत, डोक्यावर मोजायला केस उरले नाहीत, तरी माझ्या लेखी तुम्ही डार्करूमचं दार उघडून अख्खा रोल वाया घालवणारे धाकटे दीरच आहात. तेव्हा चिरंजीव लिहिलं म्हणून फुरंगटू नका.) गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र कानात असतं की खिशात? माझं बरं चाललंय. एक दात गेला, पण तो तसाही कामचुकारच होता. माझं अक्षर चौथीत शाळा सुटली तेव्हा जिथं होतं तिथंच आहे, म्हणून पत्र दमानं वाचा.

लिहायचं कारण आनंदाचं आहे. आपली नात मोटरसायकलच्या शर्यतींचे फोटो काढते हे तुम्हाला ठाऊक आहे (ठाऊक नसल्यासारखं दाखवता, ते वेगळं). चौदा महिन्यांपूर्वी तिनं तुमचा स्टुडिओ सोडला तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "गाड्यांच्या मागं कुत्री धावतात," आणि तिनंही वयाचा मान न ठेवता, "तुमच्या पासपोर्ट फोटोत जिवंत माणूससुद्धा आटोपलेला दिसतो, छोटे आजोबा," असं ऐकवलं. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. मी त्यात पडत नाही. मी फक्त घडलं ते कळवते.

रविवारी तिची परीक्षा होती. शर्यती भरवणाऱ्या बाईंना सगळ्या हंगामासाठी एक फोटोग्राफर हवा होता. त्यांनी दोघांना बोलावलं, एक आपली आणि एक दाढीवाला. दिवसभराचे फोटो बघून एकाला ठेवणार, दुसऱ्याला चहा पाजून घरी पाठवणार. आमच्या पोरीनं वर्षभर याचीच वाट पाहिली होती. तिच्या मदतीला येणारी मैत्रीण ऐनवेळी तापानं पडली, म्हणून मी गेले. सून म्हणाली, "आई, तिथं धूळ असते, आवाज असतो." मी म्हटलं, "मी तुझ्या सासऱ्यांबरोबर एकेचाळीस वर्षं काढली आहेत, मला आवाजाचं काय सांगतेस." (वर भिंतीवरच्या फोटोतून ते ऐकत होते, पण आता उत्तर देत नाहीत, एवढी सोय झाली आहे.)

आदल्या दिवशी तिनं मला जेवणाच्या टेबलावर सगळं शिकवलं. मिठाची बरणी म्हणजे वळण, माझा चष्मा म्हणजे मोटरसायकल. गाडी समोरून अंगावर येत असेल तर शटर अगदी क्षणभर उघडायचं, सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे सगळं लख्ख. पण गाडी आडवी जात असेल तर साठावाच भाग, आणि कॅमेरा गाडीबरोबर कमरेतून फिरवायचा. मग गाडी स्वच्छ येते, चाकं फिरताना दिसतात आणि मागची माणसं, झाडं, कुंपण सगळं पुसल्यासारखं वाहून जातं. तेवढ्यात मला चष्मा हवा होता, म्हणून मी मोटरसायकल उचलून डोळ्यांवर लावली आणि शेवटचा भाग नीट ऐकायचा राहिला. चूक झाली ती इथं.

मैदानात आम्हाला दुसऱ्या वळणावर, जुन्या टायरांच्या भिंतीमागं उभं केलं. मला पिवळा बिनबाह्यांचा कोट दिला, त्यात मी रस्ता खणणाऱ्या मुकादमासारखी दिसत होते. लेन्स भाड्यानं आणलेली, दुधाच्या कॅनएवढी. ती एका पायाच्या स्टँडवर बसवून पोरगी कागदावर सह्या करायला गेली आणि म्हणाली, "आजी, फक्त धरून उभी राहा." मी धरून उभी राहिले. पण भावजी, माझी नजर त्या डायलवर गेली आणि तिथं साठ! आपल्या स्टुडिओत हललेला फोटो म्हणजे काय पाप होतं, तुम्हीच आठवा. "हलू नका, हनुवटी खाली, श्वास धरा," हे मी इतकी वर्षं लोकांना बजावलंय, एका मुलाला तर श्वास सोडा म्हणायचं राहूनच गेलं होतं. पोरगी घाईत चुकली असं वाटलं. साठ कुठं आणि या राक्षसांचा वेग कुठं! मी डायल फिरवला, हजारावर थांबणार होते, पण थोडं जास्तच असलेलं बरं म्हणून दोन हजारवर नेला. आणि तिला सांगितलं नाही, कारण चूक दाखवून ऐन परीक्षेत तिचं मन कशाला खट्टू करायचं.

पहिल्या तिन्ही शर्यती तिनं तशाच टिपल्या. उन्हात मागचा छोटा पडदा तिला धड दिसेना आणि माझ्या आनंदाला पार नव्हता. मग सावलीत जाऊन तिनं फोटो उघडले. एकूण एक मोटरसायकल जागच्या जागी उभी! चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा. वळणावर कलंडलेले स्वार असे दिसत होते, जणू गाडीखाली पडलेली किल्ली शोधताहेत. ती टायरवर बसली आणि एकेक फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं. मी पिशवीत घासून डायल फिरला असेल असं सांगणार होते, तोंडही उघडलं होतं. पण तिनं वर पाहिलं, डोळे भरलेले, आणि मी खरं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "आजी, एकच शर्यत उरलीय." एवढंच.

तिनं डायल साठवर आणला. पण मन फाटलं की हात कुठला ऐकतो. पहिल्या फेरीत गाड्या म्हणजे नुसते रंगाचे फराटे आले. मी मागं उभी राहून बघत होते (बघायची बंदी नव्हती), आणि मला दिसलं की बटण दाबलं की ती तिथंच थबकते. मी म्हटलं, "अगं, मी खिडकीत बसून समोरच्या घरचा जावई बघते तशी बघ. तो दारासमोर आला म्हणून मी मान थांबवते का? कोपरा वळून दिसेनासा होईपर्यंत माझी मान त्याच्याबरोबर जाते, मग काय ते बाकीचं." ती रागातच हसली. पण पाय घट्ट रोवले, आणि पुढच्या फेरीला लाल गाडीबरोबर कमरेतून अशी फिरली की बटण दाबून झाल्यावरही वळतच राहिली, थेट माझ्या पोटात लेन्स बसेपर्यंत. मी हूं की चूं केलं नाही.

तो फोटो मी पाहिला, भावजी. स्वाराचा गुडघा जमिनीला टेकलेला, डोळा हेल्मेटच्या काचेआड दिसतोय, चाकं गरगरताहेत आणि सगळं जग मागं वाहून गेलंय. इतकी वर्षं आपण माणसांना थांबवून फोटो काढले. पळत्याचा पळ न मोडता फोटो काढता येतो, हे मला या वयात कळलं. संध्याकाळी बाईंनी दाढीवाल्याला चहा पाजला. आपल्या पोरीची निवड झाली! मी त्या बाईंच्या गालांवरून हात फिरवला, त्यांनी मागितलं नसताना.

आपली,
वहिनी

ता. क. मघाशी लिहायचं राहिलं, बाईंनी भिंतीवर लावायला लाल गाडीचा फोटो घेतला नाही. माझ्या दोन हजारवाल्यांतलेच सात घेतले, कारण त्यांत गाडीवरची टायर कंपनीची जाहिरात वाचता येते. पोरीसमोर मी हा विषय काढत नाही. तिनं काढला तर मान खाली घालते.

ता. क. दुसरा. हंगामभर काम मिळालं, पण लांब लेन्स स्वतःची हवी अशी अट आहे. भाड्याची परत गेली. तुमची पक्ष्यांवाली लेन्स कपाटात बसून आहे, आणि पक्षी टिपणं तुम्ही केव्हाच सोडलंत. पोरगी मागणार नाही, ती तुमच्यावरच गेली आहे. हे पत्र लिहिलेलं तिला माहीत नाही. शर्यती पुढच्या पंधरवड्यात सुरू होतात.

ता. क. तिसरा. लेन्स पोस्टानं पाठवू नका, फुटेल. मदतनीसाच्या जागेवरून मला काढून टाकलंय. ती म्हणाली, "न विचारता डायलला हात न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय," आणि कॅमेरा पुसायला घेतला. पिवळा कोट मी धुऊन ठेवलाय. तुमच्या मापाला थोडा सैल होईल.