हिच्या गोष्टी आणि काळा पडदा

५ जून
हिच्या कॉम्प्युटरवरचं कापड आज काढलं. ही गेल्यापासून तसंच होतं. नातीसाठी हिने स्वतःच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या. त्या फक्त यातच आहेत. चालू केला, तर चित्रं-बित्रं काही नाही, नुसता काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. लेक फोनवर म्हणाली, बाबा, हात लावू नका, रविवारी मी येते. बरं म्हटलं. जन्मभर गोदाम सांभाळलेल्या माणसाला लेक फोल्डर शिकवणार!

६ जून
कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला टाइप करायच्या आज्ञा विचारून आलो. एलएस म्हणजे आत काय आहे ते दाखव, सीडी म्हणजे आत जा, एमव्ही म्हणजे हलव. काका, हलवण्याआधी नवीन फोल्डर तयार करा हं, असं तो दोनदा म्हणाला. बोलघेवडा आहे.

७ जून, दुपार
आत गेलो. बाहेर कसं यायचं ते विचारायचं राहिलं. शेवटी बटणच बंद केलं.
उद्यापासून रोज पहाटे सराव. पक्कं.

८ जून
उठायला उशीर झाला. गुडघा.
पण सापडल्या! ससा, कावळा, विसरभोळा राजा. नावं दोनदा मोठ्याने वाचली. ऐकायच्या कशा ते माहीत नाही, पण असू दे, रविवारी सगळे मिळून ऐकू. फक्त इकडेतिकडे पसरल्यात. उद्या सगळ्या 'आजी' नावाच्या फोल्डरात नीट लावतो.

९ जून
फत्ते! एकेक गोष्ट 'आजी'त हलवली. यंत्राने हूं की चूं केलं नाही. ही अशी गप्प बसली की माझं काहीतरी चुकलेलं असायचं. यंत्राचं तसं नसतं.

११ जून, रविवार
'आजी' फोल्डर नव्हतंच. तयार करायचं राहिलं होतं. लेकीने न रागावता समजावलं. फोल्डर नसलं की यंत्र त्या गोष्टीलाच 'आजी' नाव देतं. पुढची आली की तिच्यावर बसते, आणि आधीची पुसली जाते. म्हणजे मीच एकेक करून पुसल्या. फळी ठोकल्याशिवाय माल लावायचा नसतो, हे मी गोदामात किती पोरांना ओरडून सांगितलंय.
उरली ती शेवटची. लेकीने लावली. गोष्ट नव्हतीच. हिचं रेकॉर्डिंग चालू असताना मी मध्ये काहीतरी दाबलं असणार. हिचा आवाज आला, अहो, हात नका लावू, लेकीला येऊ द्या.
नात खुदकन हसली. आजी आजोबांना रागावली, म्हणाली. मग ससा कुठेय, विचारलं. लेक स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.
ती परत आल्यावर मी म्हटलं, पुन्हा एकदा लाव. मला लावता येत नाही.