कांतामावशींच्या नावाने

३ नोव्हेंबर
बोरसीत छान हवेशीर खोली मिळाली. घरमालकीण राधाबाई खालीच राहतात. आल्या आल्या त्यांनी वाटीभर भाजी पाठवली. आजपासून गीताताई वकिलांकडे काम सुरू. पहिलं प्रकरण वैशाली नगरच्या कांतामावशींचं. मावशी विधवा. फोनवरच्या ‘समीर’ने लग्नाच्या गोष्टी करून त्यांना लुबाडलं. आरोपीला त्यांचा पत्ता कळू नये म्हणून कोर्टाने तो बंद पाकिटात ठेवू दिला. प्रत्येक कागदावरचा पत्ता मी दोनदा तपासून झाकला.

७ नोव्हेंबर
माग लागेपर्यंत समीरला संशय यायला नको, म्हणून पोलिसांनी मावशींच्या फोनवरून उत्तरं चालू ठेवायला सांगितलं. मावशींना ते जमेना. फोन माझ्या हाती देत म्हणाल्या, “पोरी, त्याले रागावजो नको. जेवला काय, तेवढं विचारजो.” गीताताई हसून म्हणाल्या, बिनधास्त थापा मार. पण मला अक्षरं बाबांनी घरी शिकवली. खोटं लिहिलं की पाटी पुसायला लावत. थाप सुचेना. स्वतःचं खरं तेच मावशींच्या नावाने लिहिलं: वरणभात, मेथी.

१५ नोव्हेंबर
तो हिंदीत विचारतो, मी सांगते. खिडकीतून काय दिसतं? पाण्याची टाकी, समोर पीठगिरणी. पाठवल्यावर लक्षात आलं, हे माझ्या खिडकीतलं; मावशींच्या घरून यातलं काहीच दिसत नाही. बरंच झालं. मावशी सुरक्षित.

२२ नोव्हेंबर
समीर पकडला गेला. ऑफिसात पेढे वाटले. मावशींनी विचारलं, “कोठडीत पांघरूण देतात काय?”

२३ नोव्हेंबर
दुपारी त्याच नंबरवरून: जेवण झालं? पोलिस म्हणाले, टोळीतला दुसरा कोणी असेल, बोलत राहा.

२६ नोव्हेंबर
आज पहिल्यांदाच मराठीत, आमच्या घरच्यासारखं: “जेवली काय, मिताली?”
माझं नाव मी लिहिलं नव्हतं. गीताताई म्हणाल्या, तुझाही पत्ता झाकायचा अर्ज करू. पण तू पीडित नाहीस — सोमवारी बघू.

२८ नोव्हेंबर
त्याने फोटो पाठवला. पीठगिरणी. आजचीच, दारावर सकाळी मी पाहिलेली माळ. भीती वाटायला हवी. खिडकी लावून घेतली. बाकी काही नाही.

२९ नोव्हेंबर
राधाबाई लग्नाला अहिवाऱ्याला गेल्या. पोलिसांना फोन केला — येतो म्हणाले.
तो विचारतोय, घरी कोण आहे. बाबा आलेत, एवढी एकच थाप लिहायची —
लिहिलं: कोणी नाही. पाठवलंही.
जिन्यात पावलं —