बाबांच्या पडण्याबद्दल

शनिवार, १४ नोव्हेंबर
दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, चिमणीला गालावर पापा. तिचा दात पडला का? मागच्या फोनवर हलतोय म्हणून सांगत होती. आम्ही ठीक आहोत असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहून टाकते: आम्ही ठीक आहोत.

लॅबमध्ये गर्दी तशीच आहे. सकाळी सात ते एक, साठ-सत्तर माणसांचं रक्त काढते. परवा एक पैलवानासारखा गडी सुई बघूनच खुर्चीतून घरंगळला. त्याची बायको शांतपणे म्हणाली, "बाई, तोवर माझं घ्या. यांना उठायला वेळ लागतो." सगळे हसले. मीही हसले, आणि मग जाणवलं की फार दिवसांनी हसले.

बाबा जेवतात. पूर्वीपेक्षा कमी, पण जेवतात. कपाळावरची खूण फिकी झाली आहे. केस पुढे आले की दिसतही नाही.

दादा, त्या खुणेबद्दलच लिहायचं आहे. फोनवर तीनदा सुरुवात केली. दर वेळी तू म्हणालास, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," आणि मी हवापाण्यावर घसरले.

तू गेलास तेव्हा बाबा फक्त चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे. आता ते रोज उठून शर्ट मागतात. छापखान्यात उशीर होतोय म्हणतात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली हे मी आधी समजावून सांगायचे, मग नुसतं "हो" म्हणायला लागले, मग तेही बंद केलं. लॅबमधल्या मुली विचारायच्या, "ताई, तुम्हाला त्रास नाही होत?" मी ऐटीत म्हणायचे, "सवय झाली." सवय कसली, नुसतं गिळत होते. जुलैत माझं काम चुकायला लागलं. एका म्हाताऱ्या बाईंना तीनदा टोचलं, तरी शीर सापडेना. मी आतल्या खोलीत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तुला कळवलं नाही. कळवण्यासारखं काय होतं त्यात?

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी लॅबमधून आले तर बाबांचे कपडे खराब झाले होते. त्यांना न्हाणीघरात नेलं. ते पायजमा सोडू देईनात. माझ्या हातावर चापट मारून म्हणाले, "कोण गं बाई तू? हात लावू नकोस मला." पाच मिनिटं, दहा मिनिटं, तेच. मग मी ओरडले, "मरा मग!" आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं.

बेसिनची कड लागली. त्यांचा पाय घसरला नव्हता, दादा. फरशी कोरडी होती.

दवाखान्यात चार टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "कसे पडलात आजोबा?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माझाच पाय सरकला. ही काय करणार?" ज्या माणसाला माझं नाव आठवत नाही, त्याला हे कसं सुचलं? ते विसरले होते, की मला सांभाळून घेत होते? मी किती वेळा विचार केला. मला कधीच कळणार नाही. आणि मी त्यांचंच वाक्य उचलून तुला सांगितलं.

टाके काढणाऱ्या नर्सबाईंनी मात्र मला ओळखलं. बाबांना बाकावर बसवून मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "माझी सासू सहा वर्षं अंथरुणावर होती. तुम्ही घराबाहेर कधी पडता?" मी म्हटलं, "कामाला जाते की." त्या म्हणाल्या, "ते बाहेर पडणं नव्हे. राग आला की यांना खाली बसवायचं, नळ बंद करायचा आणि खोलीतून निघायचं. दहा मिनिटं ओले राहिले तर काही बिघडत नाही. आणि रोज एक तास कुणालातरी मागून घ्या. लाजू नका."

लाजले. आठवडाभर लाजले. मग खालच्या शिवणकामवाल्या काकूंना विचारलं. आता त्या रोज संध्याकाळी चार ते पाच बाबांपाशी काजं करत बसतात. पहिल्या दिवशी त्या तासाचं करायचं काय तेच कळेना. कोपऱ्यापर्यंत गेले, एक माणूस दुकानाच्या शटरला रंग देत होता ते बघत उभी राहिले आणि वीस मिनिटांत परत आले. काकूंनी दारातूनच हाकललं, "अजून चाळीस आहेत, जा." आता पुलापर्यंत चालते. लॅबमध्ये शीर पहिल्याच खेपेला सापडते. जेवण उभ्याने उरकत नाही. एवढंच झालंय तीन महिन्यांत. याला सुधारणा म्हणायचं तर म्हण.

कारण गेल्या गुरुवारी हात पुन्हा उचलला होता. पडला नाही. बाबांना स्टुलावर बसवलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. आतून ते ओरडत होते, "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?" मी कठडा धरून ऐकत राहिले. श्वास जागेवर आल्यावर आत गेले. ते थंडीने कुडकुडत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं आलात." परक्याला म्हणतात तसं.

दादा, एका तासावर मी वर्षानुवर्षं तगणार नाही. तू दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस येऊन राहा. औषधं आणि बाहेरची कामं बघायला नको. त्यांना न्हाऊ घालायला ये. हे वाचून मला शिव्या घालाव्याशा वाटल्या तर घाल, वर्षभर बोलू नकोस, पण ये. मी चांगली आहे म्हणून बाबा माझ्याकडे सुरक्षित आहेत असं यापुढे धरून चालू नकोस. मीही धरून चालत नाही.

वहिनीला हे दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी बहीण,
जिने बाबांना ढकललं