रिंकूचं पारणं

सारंगखेडा,
२ एप्रिल २०२५

चि. सौ. रिंकू हिस भुआचे अ. उ. आ. जय जिनेंद्र. वि. वि.

तुझ्या पारण्याची पत्रिका मिळाली. वर्षीतप पुरं होत आलं आणि भुआला, बापाच्या सख्ख्या बहिणीला, वर्षभर पत्ता नाही! तुझ्या सासूबाईंनी खाली लिहिलंय की तप गुप्त ठेवलं होतं. ठेवा बाई. पण मी रागावले आहे, हे समजून अस.

एक दिवस नुसतं उकळलेलं पाणी, दुसऱ्या दिवशी जेवण, असं वर्षभर मीही दोनदा केलंय. पर्युषणातला एकुलता एक उपवास दुपारी शेंगदाणे खाऊन मोडणारी पोर तू, आणि आता हे! पत्रिकेवरच्या फोटोत तर तू ओळखूच येत नाहीस. अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसाचा पहिला घोट माझ्या हातून घ्यायचा, मग बाकीचे नातेवाईक. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा चार ओळी लिही.

तुझी वाट पाहणारी,
छोटीबाई

शहादा,
५ एप्रिल

ती. भुआजींस रिंकूचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून स्वतःचीच चीड आली. मी एकही उपवास केलेला नाही. गेल्या वर्षी सुरतेला माझं वजनाचं ऑपरेशन झालं, जठर लहान केलं. साखर आणि गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता. नणंदेचं, जियाचं, लग्न जमायचंय म्हणून बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलं. मी बारीक होऊ लागले तशा सासूबाई कुणाला तरी वर्षीतप चालू आहे असं बोलून गेल्या. मग ते मागे घेता येईना.

डॉक्टरांनी थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायला सांगितलंय. मूग, पनीर, दही, प्रथिनांची पावडर. त्यातलं जे टिकतं ते माझ्या कपाटात साड्यांमागे आहे, कारण स्वयंपाकघरात कुणी पाहिलं तर? तिथे शेव, गाठी, शंकरपाळ्यांचे डबे. 'उपवासाच्या' दिवशी मी दार लावून चोरासारखी खाते आणि वाटी न्हाणीघरात धुते. एकदा राहिली, तर भांडीवाली सुंदरबाई विचारू लागली, भाभी, आज उपास शे ना तुमना?

आणि आता रस. गोड पातळ पोटात गेलं की मला घाम फुटतो, छाती धडधडते. दिवाळीत दोन घोट सरबताने मी जमिनीवर आडवी झाले होते. सासूबाई म्हणतात, एका दिवसाने काय होतंय. नवरा असून पुनीतही म्हणतो, आई सांगते तसं कर. मी काय करू?

आपली,
रिंकू

सारंगखेडा,
९ एप्रिल

चि. सौ. रिंकूस अ. उ. आ. वि. वि.

ऑपरेशनबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. सांगितलं असतंस तर सुरतेला डाळीचं पाणी घेऊन मी आले असते. पण न केलेल्या तपाची पत्रिका? माझ्या त्या दोन वर्षांत भोवळ येऊन मी ओट्याला धरून उभी राहिले आहे. त्याच नावावर तुमच्या घरी मांडव घालणार, आणि तू मान खाली घालून बसणार? संताप संताप झाला माझा.

तुझ्या सासूबाईंना लोकांचं भय, पुनीतला आईचं. तुझ्या जिवाचं भय कुणाला आहे? घरच्या सुनेचं अन्न साड्यांमागे आणि पाहुण्यांची शेव समोर, ही कुठली रीत!

रस प्यायलीस तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. न पिता पोटदुखीचं सोंग केलंस, तरी लिहिणार नाही. आधी स्वयंपाकघर नीट कर. हाताशी येईल ती फळी तुझी. इथले मूग, मटकी आणि चण्याची डाळ पाठवते आहे, ती कपाटात गेलेली मला चालणार नाही.

रागावलेली पण तुझीच,
छोटीबाई

शहादा,
२१ एप्रिल

ती. भुआजींस सा. न. वि. वि.

काल समाजातल्या बायका तपाची गीतं म्हणायला आल्या होत्या. काल माझा 'उपवास' होता. सकाळीच मी कपाट रिकामं केलं, शेव-गाठींचे डबे माळ्यावर टाकले आणि तुमचं धान्य, माझी पावडर समोरच्या फळीवर मांडली. दह्या-पनीरला फ्रिजमध्ये वरचा कप्पा दिला. सासूबाई म्हणाल्या, पारण्यापर्यंत कळ काढ. मी म्हटलं, वर्षभर काढली तेवढी पुरे. पुनीत चपला घालून दुकानावर निघून गेला. त्याचा राग मला सगळ्यात जास्त आला.

गीत सुरू झालं. मी उकडलेल्या मुगाची वाटी घेऊन मधोमध बसले आणि खायला लागले. पहिल्याच घासाला टाळ्या थांबल्या. मी सांगितलं की माझं ऑपरेशन झालंय, उपवास एकही झालेला नाही आणि रस मी पिणार नाही. उठून जायचं कुणाला सुचेना. मला प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावावा लागतो, एवढ्याशा वाटीला अर्धा तास जातो. तो अर्धा तास सगळ्यांनी पाहिला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यासाठीही मी एक घास घाईने गिळला नाही.

तुमचा राग असाच माझ्या बाजूने असू द्यावा.

आपली,
रिंकू