मोडायला गेलेला नवस

अहो स्पृहाचे बाबा,

फोन बंद करून देवासला भावाकडे जाऊन बसलात, आणि जाताजाता मला शिकवून गेलात की देव-बिव काही नसतं! पोरीच्या डोक्यातली गाठ परत आली, पण पोर काय तुमची एकट्याचीच आहे? लिहून ठेवतेय, फोन लागला की हेच वाचून दाखवणार.

आज खजरानाच्या गणपतीला गेले होते. फूलवाली म्हणते, "बधाई हो भाभी! भाईसाब आए थे, रोते-रोते उल्टा स्वस्तिक सीधा कर गए. लड्डू कब?" नवस बोलताना देवळाच्या मागच्या भिंतीवर स्वस्तिक उलटं काढायचं, पुरा झाला की सुलटं, हे इंदुरात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नाही? रागारागात माझा नवस मोडायला गेलात आणि देवाला ॲडव्हान्समध्ये धन्यवाद देऊन आलात!

स्पृहाला सांगितलं, तर केस काढलेल्या डोक्यावर हात मारून हसली. म्हणाली, "आई, बाबांनी परीक्षेआधीच पास केलं मला."

खरं सांगते, गाठ परत आली कळल्यावर तीन दिवस मीही दिवा लावला नव्हता. चौथ्या दिवशी लावला. बाप्पा काय करेल ते तो जाणे, मी त्याला सोडत नाही. ते स्वस्तिकसुद्धा मी पुन्हा उलटं केलेलं नाही. राहू दे सुलटंच.

बुधवारी ऑपरेशन आहे. आत नेताना ती तुम्हालाच शोधणार. येताय की नाही, सोमवारपर्यंत सांगा.

तुमची भांडखोर,
सुलोचना